पेटीतल्या माश्यांचा हिशोब कॉम्प्युटरवर जमतो का? (आपला जून आणि सॉफ्टवेअरचा जून)

मोर्शीचा_पेटीवाला · ९ ऑगस्ट, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यात थोडा संत्रा, बाकी वावरात तूर आणि कपाशी. तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेऊन मेलिफेराच्या (पेटीत पाळायची परदेशी मधमाशी) पेट्या आणल्या. मागच्या दिवाळीला १४ पेट्या होत्या. आंबिया बहारात (संत्र्याचा जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) मध बरा निघाला, मार्च-एप्रिल कडुनिंब आणि करंजावर निघून गेला. मग उन्हाळा. जुलै सरता सरता ९ उरल्या.

गेलेल्या पाचांपैकी तीन मेणकिड्याने (चौकटीतलं मेण खाणारी पतंगाची अळी) खाल्ल्या. चौकटी उघडल्या तर नुसती जाळी आणि काळी घाण. महिनाभर मी मेणकिड्याला शिव्या देत होतो. पण तो पडक्या घरात शिरणारा प्राणी. भरल्या पेटीत माश्या त्याला टिकू देत नाहीत. म्हणजे पेटी आधीच रिकामी होत आली होती. कधीपासून, हे मला सांगता येत नाही, कारण मी कधी मोजलंच नाही. "माश्या चांगल्या आहेत", "माश्या कमी वाटतात" एवढीच माझी नोंदवही.

म्हणून शोधाशोध केली. 'बीहेव' नावाचं एक मॉडेल आहे, इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेलं. नेटलोगो या मोफत सॉफ्टवेअरवर चालतं. अंडी, अळ्या, कोष, घरातल्या माश्या, बाहेर जाणाऱ्या माश्या, माशीवर जगणारी गोचिडीसारखी व्हरोआ माइट, आजूबाजूची फुलं, हवामान, सगळं आत आहे. बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलं, चाललं. १ जानेवारीला १० हजार माश्यांनी वसाहत सुरू होते आणि रोज एक दिवस पुढे सरकते.

आता गंमत ऐका. त्यांच्या जानेवारीत थंडीने माशी पेटीबाहेर पडत नाही. इथे जानेवारीच्या शेवटी संत्र्याची कळी फुटते आणि माशीला दम नसतो. त्यांच्या जूनमध्ये पेटी ओसंडून वाहते. माझ्या जूनमध्ये माशी पाण्याच्या टाक्यावर तडफडत असते. प्रोग्रॅमला मोर्शीचा मे महिना दाखवला तर तो म्हणतो, वा, काय ऊन आहे, काढा माश्या बाहेर. सॉफ्टवेअरच्या लेखी मे म्हणजे माशीची दिवाळी.

दोन प्रश्न. हे कॅलेंडर उलटं कसं करायचं? आणि एवढा खटाटोप करून माझ्या ९ पेट्यांना काही उपयोग आहे का?

---

पळसफूल · १० ऑगस्ट, सकाळी ७:१५

छान विषय. आइन्स्टाइन म्हणूनच गेलाय ना, मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल.

---

आकडेमोड_मास्तर · १० ऑगस्ट, सकाळी ९:४०

पळसफूल, आइन्स्टाइन हयात असताना असं काही बोलल्याची वा लिहिल्याची नोंद नाही. त्याच्या नावावर ते फार नंतर चिकटलं. ज्वारी-गहू-तांदूळ वाऱ्यावर आणि आपल्याआपण फळतात, तेव्हा भाकरी मिळत राहील. कांद्याचं बी आणि सूर्यफूल मात्र अवघड होईल.

पेटीवाले, तुम्ही चालणं शिकायच्या आधी ट्रॅक्टर घेतलात. बीहेव चांगलं आहे, पण त्याला एवढी बटणं आहेत की चूक कुठे झाली हे कळायचं नाही. मी अकोल्यात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, माशी कधी पाळली नाही. त्यामुळे माशीचं तुम्ही सांगा, समीकरणाचं मी सांगतो.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या खूरी, मायर्सकफ आणि बॅरन या तिघांनी एक अगदी छोटं मॉडेल मांडलं. मोबाईलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये मावतं. माश्यांचे दोनच गट: पेटीत राहून पिल्लं सांभाळणाऱ्या घरमाश्या, आणि मकरंद-पराग आणायला जाणाऱ्या बाहेरमाश्या. रोजची आकडेमोड अशी:

जन्म = २००० × एकूण माश्या ÷ (२७००० + एकूण माश्या)
बढती = घरमाश्या × (०.२५ − ०.७५ × बाहेरमाश्या ÷ एकूण माश्या)
मृत्यू = बाहेरमाश्या × मृत्युदर

उद्याच्या घरमाश्या म्हणजे आजच्या, अधिक जन्म, वजा बढती. उद्याच्या बाहेरमाश्या म्हणजे आजच्या, अधिक बढती, वजा मृत्यू. संपलं. ३६५ ओळी खाली ओढा.

२००० म्हणजे राणीची रोजची अंडी, भरभराटीच्या दिवसांतली. सांभाळायला माश्या कमी असतील तर तेवढी अंडी जगत नाहीत, म्हणून तो २७००० चा भागाकार. खरी मजा दुसऱ्या ओळीत आहे. बाहेरमाश्या एकूण माश्यांच्या एक तृतीयांश झाल्या की कंसातला आकडा शून्य होतो, घरातली माशी घरातच थांबते. बाहेरच्या मेल्या की तोच आकडा वाढतो आणि कोवळी माशी लवकर बाहेर पडते. घरातला कमावता गेला की दहावीतला पोरगा कामाला लागतो, तसं.

मृत्युदर बदलून स्थिरावलेली संख्या मी काढली. रोज १० टक्के बाहेरमाश्या मेल्या तर पेटी ४४ हजारांवर थांबते. २० टक्क्यांना साडेतेरा हजार. ३० टक्क्यांना सव्वातीन हजार. ३५.५ टक्क्यांच्या पुढे शून्य. उतार सरळ नाही, हे बघा. दर दुप्पट झाला की पेटी निम्मी होत नाही, तिसऱ्या हिश्श्यावर येते.

---

धुऱ्यावरचा_बाप्पा · १० ऑगस्ट, दुपारी १:०५

मास्तर, आकडे झकास. पण माशी काई तुमचं शीट वाचून राह्यली का? मी वरुडच्या बाजूले तीस वर्सं झाले पेट्या पाहून राह्यलो. पह्यले सातेरी, म्हंजे आपली देशी माशी, मंग मेलिफेरा. पोरा, तुले सांगतो, कॉम्प्युटर कायले पाह्यजे? सकाळी साडेसातले पेटीपुढं पाच मिनिटं बस. पायावर पिवळं घेऊन येनाऱ्या माश्या मोज. पराग आला तं पेटीच्या पोटात पिल्लं हायत. नाई आला तं राणी बसली हाय, अंडी देनं बंद.

आन् एक ध्यानात ठेव. करंज झडला का राणी हात आवरते. आपल्याकडं दरसाल असंच होते. जुलैत पेटी मेली म्हनून जुलैत रडून काई होत नाई.

---

रिकामा_लूप · १० ऑगस्ट, रात्री ११:३०

मी मूळ यवतमाळचा, सध्या पुण्यात कोड लिहून पोट भरतो. बीहेव उघडून पाहिलं. कॅलेंडरचा तिढा वाटतो त्यापेक्षा सोपा आहे.

राणीने कोणत्या दिवशी किती अंडी घालायची हे त्यात एका ऋतुवक्रावरून ठरतं. तो वक्र ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांच्या २००७ च्या 'होपोमो' मॉडेलवरून घेतलाय. म्हणजे युरोपचा हिवाळा सूत्रातच गोठवलेला आहे, हवामानाची फाइल बदलून तो जात नाही. पेटीवाल्यांनी मोर्शीचं हवामान भरलं असेल, पण राणी अजून ग्राझमध्येच बसली आहे.

सूत्र फोडत बसू नका. प्रोग्रॅमचा १ जानेवारी म्हणजे आपला १ जुलै असं धरा. शिखर जूनच्या सुरुवातीला येतं ते आपल्या डिसेंबरच्या सुरुवातीला पडेल. तूर फुललेली, पुढे मोहरी, मग संत्रा. अगदी तंतोतंत नाही, पण दिशा बरोबर.

हवामानासाठी नासाच्या 'पॉवर' संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाकले की रोजचं तापमान, पाऊस, सौरऊर्जा मोफत मिळते. पण इथे दुसरी खोच आहे. मूळ बीहेवमध्ये दिवसाचं कमाल तापमान १५ अंशांच्या वर गेलं की त्या दिवशी जितके तास ऊन तितके तास माशी बाहेर, असा नियम आहे. वरची मर्यादा नाही. ४६ अंशांतही तो माशीला दिवसभर कामाला लावतो. शिवाय त्यात मकरंदाच्या आणि परागाच्या फेऱ्या आहेत, पाण्याच्या नाहीत. तिकडे गरज पडली नसणार. एप्रिल-मेसाठी तासांचा रकाना हातानेच कापा.

---

मोर्शीचा_पेटीवाला · ११ ऑगस्ट, सकाळी ६:२०

लूपभाऊ, "राणी अजून ग्राझमध्येच बसली आहे" हे वाचून आई पण हसली.

उन्हाळ्यात आमच्याकडे माशी सकाळी दहा-साडेदहापर्यंत आणि मग पाचनंतर, एवढीच कामाची. मधल्या वेळेत जी उडते ती पाण्यासाठी. पिल्लांना ३४-३५ अंश लागतात आणि बाहेर ४५. सगळी फौज पाणी शिंपडून पंख्याने वारा घालण्यात गुंतते. पेट्या आंब्याखाली ठेवून वर ओलं पोतं टाकतो, तरी.

काका, पाच मिनिटं मोजायचं सुरू केलं. आज पेटी नंबर ४ ला पराग आणणाऱ्या ३१, नंबर ९ ला ६.

---

चिखलीची_सुगी · १२ ऑगस्ट, दुपारी ३:४५

मी बुलडाणा जिल्ह्यातली. आमच्याकडे कांद्याचं बीजोत्पादन भरपूर. गोंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात आणि माशी नसेल तर बी भरत नाही. पेट्या मी पाळत नाही, भाड्याने आणते, एकरी दोन.

माझी तक्रार पेटीवाल्या भावांबद्दल आहे, रागावू नका. गेल्या वर्षी आणलेल्या पेट्यांवर जड झाकणं, वर दगड, दिसायला भरल्या घरासारख्या. माशी मात्र गोंड्यावर दिसेना. मी विचारलं तर उत्तर, "ताई, राणी नवी आहे, जरा दम धरा." कांद्याचा फुलोरा दम धरतो का? तीन-चार आठवड्यांत खेळ खलास.

मला माश्यांची एकूण संख्या नको. अमुक तारखेला बाहेर जाणाऱ्या किती असतील, तेवढं सांगता येईल का? मी भाडं त्याच माशीचं देते.

---

आकडेमोड_मास्तर · १२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

सुगीताई, आतापर्यंतचा सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा आहे.

"राणी नवी आहे" यात लबाडी असेलच असं नाही, पण हिशोब चुकीचा आहे. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर यायला २१ दिवस. त्यानंतर साधारण तीन आठवडे घरकाम: सफाई, पिल्लांना चारणं, मेण बांधणं, दारावर पहारा. मग बाहेर. म्हणजे आज घातलेलं अंडं तुमच्या गोंड्यावर ४२ दिवसांनी पोचणार. १० फेब्रुवारीला माशी हवी असेल तर अंडं ३० डिसेंबरला पडलेलं हवं. नवी राणी जानेवारीअखेर अंड्यावर आली असेल तर तिची लेक फुलोरा संपल्यावर उडेल.

पेटी घेताना बाहेरची माशी बघू नका, झाकलेली पिल्लं बघा, म्हणजे मेणाच्या टोपणाने बंद झालेली घरं. पूर्ण चौकटीच्या दोन्ही बाजू मिळून सात हजारांच्या आसपास घरं असतात. झाकलेली अवस्था सुमारे १२ दिवसांची. तेव्हा झाकलेल्या घरांना १२ ने भागलं की राणीचा रोजचा वेग आला. दोन चौकटी अर्ध्या-अर्ध्या झाकलेल्या म्हणजे ७ हजार घरं, भागिले १२, रोज ५८० च्या जवळपास.

खूरीच्या छोट्या मॉडेलमध्ये हा २१ दिवसांचा उशीर नाही, अंडं घातलं की माशी तयार. म्हणून पेटीवाले, एक रकाना वाढवा. जन्माच्या सूत्रात आजचा आकडा न घेता २१ ओळी वरचा घ्या.

---

सातपुडा_सातेरी · १३ ऑगस्ट, रात्री ९:००

मी मेळघाटात सातेरीवर काम करतो. वरचं सगळं वाचलं आणि एक शंका आहे. तुमच्या मॉडेलमध्ये माशी एक तर जन्मते नाही तर मरते. माझी माशी तिसरंच करते: निघून जाते.

सातेरीला उपासमार झाली, मुंग्या लागल्या, मेणकिडा वाढला की ती राणीसकट पेटी सोडते. आधी पिल्लं संपवते, मध पोटात भरते आणि एका दुपारी घोंघावत जंगलात. शीटमध्ये त्या दिवशी ८ हजार लिहिलेलं असेल आणि पेटीत शून्य. पण मेलं कोणीच नाही. आग्या तर ऋतूप्रमाणे गावंच बदलतो, त्याचं कोणी घरपट्टीसारखं गणित मांडू नये.

आकडेही वेगळे. आमची राणी मेलिफेराच्या निम्मीसुद्धा अंडी घालत नाही आणि वसाहत लहान.

---

आकडेमोड_मास्तर · १३ ऑगस्ट, रात्री १०:२५

२००० च्या जागी ८०० आणि २७००० च्या जागी १०८०० घालून पाहिलं. १० टक्के मृत्युदराला साडेसतरा हजार, २० टक्क्यांना साडेपाच हजार. पण कोसळण्याची रेघ तिथेच, ३५.५ टक्क्यांवर. ती दोन आकड्यांच्या गुणोत्तरावर ठरते आणि गुणोत्तर मीच तेच ठेवलं होतं. यावरून सातेरी मेलिफेराइतकीच काटक आहे असं कोणी म्हणू नका. मी जे आत घातलं तेच बाहेर आलं.

निघून जाण्याबद्दल तुमचं खरं आहे. या समीकरणांत ते नाही.

---

रिकामा_लूप · १३ ऑगस्ट, रात्री ११:५०

नेटलोगोमध्ये ते एका ओळीचं काम आहे: साठा अमुक दिवस शून्य आणि अळ्या शून्य, तर वसाहत रद्द. "अमुक" किती, हे सातेरीभाऊंनी सांगायचं.

---

धुऱ्यावरचा_बाप्पा · १४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

आता फवारन्याचं बोला. पऱ्हाटीवर (कपाशीवर) सध्या हप्त्याले एक फवारा चालू हाय. ते कोनत्या रकान्यात टाकता?

---

मोर्शीचा_पेटीवाला · १४ ऑगस्ट, रात्री ९:४५

मृत्युदराच्या रकान्यात टाकलं, काका.

शोधताना एक संदर्भ सापडला. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक चिपा चिकटवल्या, त्यांना थायमेथोक्झाम या कीटकनाशकाचा न मरण्याइतका डोस दिला आणि पेटीपासून लांब सोडलं. बऱ्याच माश्या परत आल्याच नाहीत. विषाने मेल्या नव्हत्या, घर विसरल्या होत्या. मग ती जास्तीची घट त्यांनी याच खूरीच्या मॉडेलमध्ये घालून वसाहतीचं काय होईल ते पाहिलं. थायमेथोक्झाम आपल्याकडे सर्रास वापरतात. युरोपात २०१८ पासून उघड्या शेतात त्याला बंदी आहे.

आपल्या जिल्ह्यांत फवारणीचं नाव काढलं की २०१७ चं यवतमाळ आठवतं. तिथे फवारताना विषबाधेने माणसं गेली, माशीचं कोण मोजणार? पण पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा दिसला नाही म्हणजे फवाऱ्याने काही केलं नाही, हा माझा समज होता. वावरातच राहिलेली माशी पेटीपुढे कशी दिसेल?

शीटमध्ये २० हजारांच्या पेटीला रोज ४० टक्के मृत्युदर लावला. सुमारे तीन आठवड्यांत १० हजार. तिथून ५ हजारांवर यायला आणखी महिना. सुरुवात धाडकन, शेवट रेंगाळत. आणि उरलेली माशी सरासरी दहाव्या दिवशीच बाहेर पडते. म्हणजे पेटीत अर्ध्या शिकलेल्या पोरी आणि रिकाम्या चौकटी. मेणकिड्याला आमंत्रण पत्रिका.

---

चिखलीची_सुगी · १५ ऑगस्ट, सकाळी ११:००

आम्ही फुलोऱ्याच्या काळात चारी धुऱ्यांच्या शेजाऱ्यांशी बोलून घेतो. फवारायचंच असेल तर दिवस मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी सांगून. तीन जण ऐकतात, चौथ्याला दरवर्षी चहा पाजावा लागतो. तुमच्या तुरीचं काय करणार? शेंग पोखरणाऱ्या अळीचा फवारा नेमका फुलावर येतो आणि तेच तुमच्या माशीचे पराग गोळा करायचे दिवस.

---

मोर्शीचा_पेटीवाला · १५ ऑगस्ट, दुपारी १:३०

ताई, घरची तूर संध्याकाळी फवारू. चुलत्याच्या तुरीसाठी मलाही चहा ठेवावा लागेल.

---

मोर्शीचा_पेटीवाला · १९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

दोन महिने गायब होतो, सोयाबीन काढणी होती. आता सविस्तर.

आधी फजिती. बीहेवमध्ये कॅलेंडर फिरवलं, लूपभाऊंच्या सांगण्यावरून तास कापले, फुलांचे ठिपके मांडले: संत्रा ५०० मीटरवर, नाल्याकाठचा करंज १२०० वर, तूर चहूकडे. मकरंदाच्या आकड्यात दशांशचिन्ह चुकलं असणार, कारण कॉम्प्युटरमधल्या एका पेटीने हंगामात दीड क्विंटल मध केला. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "हीच पेटी विकत घे, बाकीच्या सोड." दुरुस्त केल्यावर आकडे जमिनीवर आले. तरी बीहेवमधला एक भाग आपल्याला लागूच नाही. तिकडची हिवाळी माशी पाच-सहा महिने जगते, पेटीत एकमेकींना बिलगून गोळा होऊन बसते. कॅलेंडर फिरवल्यावर तीच माशी माझ्या जुलै-ऑगस्टमध्ये निवांत बसून राहिली. खऱ्या मोर्शीत पाऊस दोन तास उघडला की माशी उडते, झिजते, मरते. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरमधला पावसाळा फार सुखाचा आहे.

मग मास्तरांच्या शीटकडे वळलो. २१ ओळींचा उशीर टाकला आणि अंड्यांचा आकडा दर महिन्याला वेगळा ठेवला. पण मे महिन्यात किती अंडी लिहायची? अंदाजाने काहीही लिहिलं की हवं ते उत्तर निघतं.

आणि काल रात्री मोबाईल साफ करताना फोटो सापडले. २२ मेचे. भाचा सुट्टीत आला होता, पेटी उघडून दाखवताना त्याने चौकटींचे फोटो काढले होते. पेटी नंबर ११, जी पुढे मेणकिड्याने खाल्ली. फोटो मोठा करून झाकलेली घरं मोजली. सगळ्या चौकटी मिळून ६०० च्या आसपास, तळहाताएवढा ठिपका. भागिले १२ म्हणजे रोज ५०. झाकलेली पिल्लं ९ ते २१ दिवसांपूर्वीच्या अंड्यांची. म्हणजे १ ते १३ मे या काळात राणी जवळजवळ बसलेली होती. करंज नुकताच झडला होता.

फोटोत माश्या भरपूर आहेत. चौकट दिसत नाही एवढ्या. भाचा म्हणत होता, "मामा, केवढ्या माश्या!" आणि मीही खूश होतो. त्या सगळ्या मार्च-एप्रिलच्या अंड्यांतल्या, म्हाताऱ्या. मागून कोणी येत नव्हतं.

शीटमध्ये १ मेपासून रोज ५० घातले. २१ मेपर्यंत काहीच फरक दिसत नाही, रेघ आडवी. मग उतरणीला लागते आणि जूनच्या शेवटी पेटी नावापुरती. मी जुलैत कारण शोधत होतो.

---

धुऱ्यावरचा_बाप्पा · २० ऑक्टोबर, सकाळी ६:४५

मंग मी काय सांगलं होतं?

---

मोर्शीचा_पेटीवाला · २० ऑक्टोबर, सकाळी ७:००

तुम्ही सांगितलं होतं काका, मान्य. पण "करंज झडला की" ऐकताना मला तो जूनचा विषय वाटला होता. रेघ २१ दिवस आडवी राहते हे पाहिल्यावर डोक्यात शिरलं.

---

धुऱ्यावरचा_बाप्पा · २० ऑक्टोबर, सकाळी ७:४०

बरं. आता पुढच्या मेमंधी दोन कामं कर. करंज संपायच्या आदीच साखरेचा पाक आन् परागाच्या जागी सोयाबीनच्या पिठाची पोळी दे. आन् हलक्या दोन पेट्या एक कर. दोन्ही पेट्यायच्या मंधात वर्तमानपत्राचा कागद लाव, दोन दिवसात कुरतडून एक होतेत. १४ च्या ९ होन्यापेक्षा आपनच १४ च्या १० कराव्या.

---

आकडेमोड_मास्तर · २१ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

इथे बाप्पांशी शीटचं जमत नाही, म्हणून लिहितो. सूत्रात १० हजारांच्या एका पेटीला रोज ५४० जन्म. पाच-पाच हजारांच्या दोन वेगळ्या पेट्यांना मिळून ६२५. म्हणजे समीकरण म्हणतं, एकत्र करू नका, दोन राण्या बऱ्या.

---

धुऱ्यावरचा_बाप्पा · २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

मास्तर, पाच हजार माशी ४५ अंशात पिल्लं थंड ठेवन का दारावर पहारा देईन? तुमच्या समीकरनाले गरमी लागत नाई.

---

आकडेमोड_मास्तर · २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

लागत नाही, खरं आहे. त्यात ना तापमान, ना मेणकिडा, ना भूक. भुकेचा भाग त्याच तिघांनी २०१३ च्या मॉडेलमध्ये वाढवला. उष्णतेचा कोणीतरी विदर्भातल्याने वाढवावा लागेल. पण वाद तोंडी कशाला? पेटीवाले, मेमध्ये तुमच्या हलक्या पेट्यांपैकी निम्म्या जोडा, निम्म्या तशाच ठेवा, सगळ्यांना पाक सारखा. दर दहा दिवसांनी चौकटींचे फोटो. कोणती जोडायची हे चिठ्ठी टाकून ठरवा, मनाने नको. मनाने ठरवलं की माणूस चांगल्या पेट्या आपल्या लाडक्या बाजूला टाकतो.

---

सातपुडा_सातेरी · २२ ऑक्टोबर, रात्री ८:५०

माझ्याकडून दोन सातेरीच्या पेट्यांचे फोटो देतो, त्याच तारखांना. पळाल्या तर रिकाम्या पेटीचे देईन.

---

मोर्शीचा_पेटीवाला · १४ डिसेंबर, रात्री ९:३०

आज मुद्दाम मोजलं, कारण २५ जानेवारीला संत्रा फुलेल असं धरलं तर ४२ दिवस मागे आजची तारीख येते. ९ च्या आता ११ झाल्यात, दोन विभागल्या. नंबर ४: झाकलेली घरं ८४०० च्या जवळपास, म्हणजे रोज ७००. नंबर ९: २५००, म्हणजे रोज दोनशे. नंबर ९ ला अजून ऑगस्टसारखाच पराग कमी. राणी बदलायला हवी होती, मी चालढकल केली.

चुलत्याने तूर दुपारी दोनला फवारली. चहा झाला होता, तरी. पेटीपुढे सडा पडला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटांत पराग आणणाऱ्या माश्या नंबर ४ ला ५८ वरून २३.

सुगीताई, १० फेब्रुवारीसाठी तुम्हाला पेट्या हव्या असतील तर ३० डिसेंबरला मोजून फोटो टाकतो. झाकणावरच्या दगडासकट.

---

चिखलीची_सुगी · १५ डिसेंबर, सकाळी १०:२०

दगड नको, चौकटींचेच टाका. सहा पेट्या धरून ठेवा. नंबर ९ सोडून.

---

धुऱ्यावरचा_बाप्पा · १५ डिसेंबर, दुपारी १२:१०

पोरा, ते मास्तरचं शीट माह्या मोबाईलवर उघडूनच नाई राह्यलं. नातवानं काईतरी दाबलं तं सगळ्या माश्या वजा झाल्या. रविवारी लॅपटॉप घेऊन ये वरुडले. माह्याबी आठ पेट्या हायत, मोजून घेऊ.